युरोपचा सीमा-कार्बन कायदा, आपला कार्बन बाजार आणि लहान निर्यातदार : इथे भरलेले तिथे खरोखर वजा होते का?

खर्चलेखन_पुणे (धागाकर्ती)

युरोपीय संघाच्या सीमा-कार्बन समायोजन यंत्रणेचा, म्हणजे व्यवहारात सगळे ज्याला 'सीबॅम' म्हणतात त्या कायद्याचा, प्रत्यक्ष पैशाचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात आयातदाराने केवळ तिमाही अहवाल द्यायचे होते. आता २०२६ मध्ये सीमेवर उतरलेल्या मालामागच्या उत्सर्जनाची प्रमाणपत्रे त्याला विकत घ्यावी लागणार आहेत. त्यांची विक्री फेब्रुवारी २०२७ मध्ये सुरू होईल आणि २०२६ चा हिशेब ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत चुकता करायचा आहे. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते, वीज आणि हायड्रोजन ही सहा क्षेत्रे त्यात आहेत.

मी पुणे-नाशिक पट्ट्यातील लहान कारखान्यांचे खर्चलेखन पाहते. तिथे दोन समजुती इतक्या पक्क्या झालेल्या दिसतात, की त्यांवर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढते आहे. पहिली समजूत अशी की पहिल्या वर्षी आकारणी नाममात्र, फक्त अडीच टक्के आहे. दुसरी अशी की भारताचा स्वतःचा कार्बन बाजार येतोच आहे, तेव्हा इथे भरलेले युरोपात वजा होईल आणि प्रश्न मिटेल.

अडीच टक्क्यांचे आधी पाहू. युरोपातील कारखान्यांना त्यांच्या उत्सर्जन-व्यापार व्यवस्थेत आजवर काही परवाने (एक परवाना म्हणजे एक टन उत्सर्जनाची मुभा) फुकट मिळत आले आहेत. ही फुकट वाटणी मुळातल्यापेक्षा २०२६ मध्ये २.५ टक्क्यांनी, २०२७ मध्ये ५, २०२८ मध्ये १०, २०३० पर्यंत ४८.५ टक्क्यांनी अशी घटत जाऊन २०३४ मध्ये पूर्ण बंद होणार आहे आणि आयात मालाला तेवढ्याच प्रमाणात आकारणी लागणार आहे. मात्र फुकट परवाने कारखान्याच्या प्रत्यक्ष उत्सर्जनावर मिळत नाहीत, ते ठरावीक मानदंडावर, म्हणजे त्या मालाच्या टनामागे कार्यक्षम कारखान्याचे जेवढे उत्सर्जन धरले जाते त्यावर, मिळतात. त्यामुळे मानदंडाच्या वरचे जे उत्सर्जन आहे, त्याची किंमत पहिल्या दिवसापासून पूर्ण मोजावी लागते.

गणित मांडून दाखवते, आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा एक टन बोल्टमागे २.५ टन थेट उत्सर्जन आहे, मानदंड १.४ टनांचा आहे आणि परवान्याचा भाव, ज्यावर सीबॅम प्रमाणपत्राचा भाव ठरतो, ७५ युरो आहे. 'फक्त अडीच टक्के' मानणारा माणूस २.५ टनांचे अडीच टक्के काढतो आणि टनाला पावणेपाच युरो धरून भाव पाठवतो. प्रत्यक्षात १.४ चे ९७.५ टक्के, म्हणजे १.३६५ टन, तेवढेच वजा होतात. उरलेल्या १.१३५ टनांचे सुमारे ८५ युरो होतात. युरोला शंभर रुपये धरले तर टनामागे साडेआठ हजार रुपये. हीच रक्कम २०३० मध्ये सुमारे १३३ युरो आणि २०३४ मध्ये १८७.५ युरो होईल. माल जितका जास्त कोळशाचा, तितका पहिल्याच वर्षीचा फटका मोठा.

आता दुसरी समजूत. सीबॅमच्या नवव्या कलमानुसार माल बनवणाऱ्या देशात कार्बनची किंमत 'प्रत्यक्ष भरलेली' असेल तर ती वजा मागता येते, आणि त्यावर काही परतावा मिळालेला असेल तर तो आधी वळता केला जातो. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ च्या अधिसूचनेने ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या क्षेत्रांतील २८२ कारखान्यांना २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी उत्सर्जन तीव्रतेची लक्ष्ये दिली गेली. ही लक्ष्ये एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालत नाहीत, ती प्रति टन उत्पादनावर आहेत. ज्याने लक्ष्य गाठले त्याला एक पैसाही भरावा लागत नाही. ज्याचे थोडे चुकले त्याने तेवढ्या तुटीची आपल्या बाजारातली कार्बन क्रेडिट प्रमाणपत्रे घ्यायची.

समजा अशाच पद्धतीने पोलादाला २.४५ टनांचे लक्ष्य मिळाले आणि कारखाना २.४७ वर राहिला. त्याने टनामागे ०.०२ प्रमाणपत्र घ्यायचे. प्रमाणपत्राचा भाव हजार रुपये धरला, तर टनामागे वीस रुपये. युरोपात वजावट मागता येईल ती या वीस रुपयांची, आणि देणे आहे साडेआठ हजारांचे. लक्ष्य पाळणाऱ्या प्रामाणिक कारखान्याला तर वजावट शून्य. भारताचा कार्बन बाजार वाईट आहे असे मला म्हणायचे नाही, पण तो ज्या रीतीने रचला आहे त्या रीतीने तो सीबॅमचे बिल कमी करणार नाही, आणि हे कारखानदारांना कोणी स्पष्ट सांगत नाही. त्यातही, युरोपात जाणाऱ्या आपल्या सीबॅमग्रस्त मालात सर्वांत मोठा वाटा असलेले पोलाद या पहिल्या अधिसूचनेत नव्हतेच.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

बोल्टवाला_भोसरी

ताई, धाग्याबद्दल आभार. आमचा लहान कारखाना आहे. वायर रॉड घ्यायचा, ओढायचा, कोल्ड फोर्जिंग, थ्रेड रोलिंग, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेरून. माल सीमाशुल्क वर्गीकरणातल्या ७३१८ या शीर्षकाखाली जर्मनी आणि इटलीला जातो.

आमची अडचण कराच्या आकड्याआधीच सुरू होते. ग्राहकाकडून युरोपीय आयोगाच्या नमुन्याची एक्सेल फाइल येते. त्यात आमच्या कारखान्याच्या माहितीपेक्षा आम्ही विकत घेतलेल्या कच्च्या मालाची माहिती जास्त विचारलेली असते : वायर रॉड कोणत्या गिरणीचा, कोणत्या मार्गाने बनलेला, टनामागे थेट उत्सर्जन किती. आम्ही महिन्याला जेवढा माल घेतो तेवढा गिरणी थेट देत नाही, म्हणून आम्ही स्टॉकिस्टकडून घेतो. प्रत्येक कॉइलला तारेने एक पत्र्याचा बिल्ला बांधलेला असतो आणि त्यावर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या ओतीचा क्रमांक, ठोकलेला असतो. तो बिल्ला आणि टेस्ट सर्टिफिकेट जुळले तर गिरणी कळते. पण अनेकदा कॉइल अर्धी कापून दिलेली असते आणि बिल्ला दुसऱ्या अर्ध्याबरोबर तिसऱ्याच कारखान्यात गेलेला असतो. पूर्वी आमची मुले तो बिल्ला भंगारात टाकत. आता आम्ही प्रत्येक बिल्ल्याचा फोटो काढून जावक चलनाबरोबर ठेवतो.

दोन प्रश्न आहेत. ५० टनांपर्यंत माफी आहे असे ऐकले. आमचा एका ग्राहकाला वर्षाचा माल ३० टनांच्या आतच असतो, मग आम्ही सुटलो का? आणि आम्ही छतावर सोलर बसवले आहे, त्याचा हिशेब कुठे धरायचा?

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत आयात-अनुपालनाचे काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. ऑक्टोबर २०२५ मधील दुरुस्तीने आलेली ५० टनांची सूट आयातदाराला आहे, निर्यातदाराला नाही. आयातदाराने एका वर्षात सर्व देशांतून, सर्व पुरवठादारांकडून आणलेले लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते आणि सिमेंट यांचे एकत्रित वजन ५० टनांच्या आत असेल तरच तो सुटतो. तुमचे ३० टन, तैवानच्या कोणाचे ४० टन, तुर्कस्तानचे आणखी काही, अशी बेरीज होऊन तुमचा ग्राहक बहुतेक वेळा त्या रेषेच्या वरच असतो. आयोगाच्याच अंदाजाप्रमाणे या सूटीने सुमारे ९० टक्के आयातदार बाहेर पडतात, पण ९९ टक्के उत्सर्जन कायद्याच्या कक्षेत राहते. म्हणून ग्राहकाला लेखी विचारा की तो 'अधिकृत घोषणाकर्ता', म्हणजे सीबॅमची घोषणा भरायला मान्यता मिळालेला आयातदार, आहे की ५० टनांच्या खालचा आहे. उत्तर दरवर्षी बदलू शकते.

इकडच्या बाजूने आणखी एक गोष्ट दिसते, ती सांगतो. संक्रमणकाळात अनेक आयातदारांनी पुरवठादाराची माहिती आली नाही म्हणून आयोगाने दिलेली मूळ मूल्ये (प्रत्यक्ष आकडा नसताना धरायचे ठरीव आकडे) भरून अहवाल पुढे ढकलले. आता त्या मूल्यांवर मुद्दाम वाढ लावली आहे : पोलादासाठी २०२६ मध्ये १० टक्के, २०२७ मध्ये २० आणि २०२८ पासून ३०. प्रत्यक्ष आकडे वापरायचे तर ते मान्यताप्राप्त पडताळणीकाराने तपासलेले हवेत. खरेदी विभागाच्या बैठकीत आता भावाच्या शेजारी उत्सर्जनाचा स्तंभ असतो, आणि ज्या पुरवठादाराचा स्तंभ रिकामा आहे त्याला वाढीव मूल्य लावूनच तुलना केली जाते. तो पुरवठादार प्रत्यक्षात स्वच्छ असला तरी कागदावर तो घाणेरडाच ठरतो.

गिरण्यांना आपली प्रक्रियेची माहिती ग्राहकांच्या ग्राहकांना द्यायची नसते, हे समजण्यासारखे आहे. त्यासाठी आयोगाच्या नोंदवहीत युरोपाबाहेरील कारखान्यांना स्वतः नोंदणी करून आकडे भरण्याची सोय आहे. तिथून ते थेट घोषणाकर्त्याला दाखवता येतात, मधल्या व्यापाऱ्याला दाखवावे लागत नाहीत. आपल्या मोठ्या गिरण्यांनी ही सोय लहान ग्राहकांसाठी वापरली, तर बोल्टवाला यांच्यासारख्यांची निम्मी अडचण सुटेल.

खर्चलेखन_पुणे

सोलरबद्दल. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या बाबतीत सध्या फक्त थेट उत्सर्जनावर आकारणी आहे, विजेमागचे अप्रत्यक्ष उत्सर्जन धरले जात नाही. सिमेंट आणि खतांना मात्र ते धरले जाते. म्हणून छतावरच्या सोलरने तुमचे वीजबिल उतरेल, सीबॅमचा आकडा हलणार नाही. बोल्टमधला जवळजवळ सगळा आकडा वायर रॉडमध्येच बसलेला असतो. अनेक सल्लागार कारखान्यांना सीबॅमच्या नावाखाली सोलर आणि हरित विजेचे करार विकत आहेत, याचे मला फार वाईट वाटते, कारण हा पैसा लहान कारखानदार कर्ज काढून घालतो आहे.

तसेच वृक्षलागवडीची किंवा अन्य ऐच्छिक कार्बन क्रेडिटे घेऊन हे देणे फेडता येत नाही. सीबॅमला त्याचीच प्रमाणपत्रे लागतात. आपल्या योजनेतही ऐच्छिक प्रकल्पांसाठी वेगळा मार्ग आहे, पण तिथली क्रेडिटे म्हणजे मालावर भरलेली कार्बनची किंमत नव्हे.

आकडा खरोखर खाली आणायचा असेल तर वायर रॉडचा मार्ग बदलावा लागतो. भंगारापासून विद्युत भट्टीत बनलेल्या पोलादाचे थेट उत्सर्जन कोळशाच्या कोकवर चालणाऱ्या झोतभट्टीच्या मानाने फारच कमी असते. त्याचा मानदंडही कमी असतो, म्हणून लाभ दिसतो तितका सरळ नाही, तरी असतो. मात्र 'इंडक्शन फर्नेसचा माल' म्हणजे स्वच्छ माल असे धरू नका. त्यात कोळशावर भाजलेला स्पंज आयर्न किती टक्के टाकला आहे, हे विचारल्याशिवाय काहीच कळत नाही.

ओतशाळा_कोल्हापूर

शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फौंड्रीवाल्यांनी आजवर हा विषय 'आपला नाही' म्हणून बाजूला ठेवला, आणि कायद्याच्या यादीप्रमाणे ते बरोबरही होते. बिडाच्या कास्टिंगचे ७३२५ हे शीर्षक त्या यादीत नाही. वाहनांचे भाग ८७०८ खाली जातात, तेही नाहीत. पाइप फिटिंग ७३०७ खाली आणि पोलादाच्या किरकोळ वस्तू ७३२६ खाली आहेत, तेवढ्या सापडतात. म्हणजे एकाच भट्टीतून, एकाच पाळीत ओतलेले दोन नग, एकाला सीबॅम आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती आहे.

पण डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद आणि ॲल्युमिनियमपासून पुढे बनणाऱ्या सुमारे १८० उत्पादनांपर्यंत हा कायदा नेण्याचा प्रस्ताव मांडला आहे. त्याला अजून तिथल्या संसदेची आणि परिषदेची मान्यता मिळायची आहे. यंत्रांचे आणि वाहनांचे भाग त्यात आले, तर आमच्या भागातील ओतशाळांना पिग आयर्न कुठला, भंगार किती, बोरिंग (यंत्रकामातून निघालेला लोखंडी कीस) किती याचा हीटवार हिशेब ठेवावा लागेल. चार्ज शीट, म्हणजे भट्टीत काय किती टाकले त्याची नोंद, आमच्याकडे रोज भरली जाते, फक्त ती महिन्याच्या शेवटी रद्दीत जाते. ती जपून ठेवायला एक कपाट पुरे आहे. माझे सर्व ओतशाळांना एवढेच सांगणे आहे की कायदा लागू होण्याची वाट न पाहता चार्ज शीट या वर्षापासूनच ठेवा, कारण मागच्या वर्षांचा हिशेब नंतर कोणी तयार करून देऊ शकत नाही.

एक शंका. कोळशावर आपण इतकी वर्षे उपकर भरला. तो कार्बन कर नव्हता का? तो दाखवून वजावट का मागता येऊ नये?

विधी_अभ्यासक

उपकराचा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला, जीएसटी आल्यावर तोच दर भरपाई उपकर म्हणून चालू राहिला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो रद्द होऊन कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. सीबॅममधील कार्बन किमतीची व्याख्या मात्र अशी आहे, की ती उत्सर्जन कमी करण्याच्या योजनेखाली, उत्सर्जनाच्या प्रमाणात आकारलेली असावी. टनावर लागणारा आणि महसूल राज्यांच्या भरपाईकडे वळलेला उपकर त्या व्याख्येत बसवणे कठीण होते, आणि मूल्यावर लागणारा, पुढे इनपुट क्रेडिटने परत मिळणारा जीएसटी तर मुळीच बसत नाही. माझ्या मते इथे एक संधी गेली. तोच ४०० रुपयांचा उपकर कोळशातील कार्बनच्या प्रमाणात आकारला असता आणि कायद्यात तसे लिहिले असते, तर वजावटीसाठी निदान एक भक्कम पाया हाताशी राहिला असता.

जागतिक व्यापार संघटनेत हा कायदा टिकेल का, असे अनेक जण विचारतात. रशियाने मे २०२५ मध्ये त्याविरुद्ध औपचारिक तक्रार दाखल केली आहे. भारताचा आक्षेप समान पण विभेदित जबाबदाऱ्यांच्या, म्हणजे जबाबदारी सर्वांची पण प्रत्येक देशाचा वाटा वेगळा या, तत्त्वावर उभा आहे. हे तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेपासून हवामान कराराच्या मुळाशी आहे, आणि दरडोई सुमारे दोन टन उत्सर्जन असलेल्या देशाने त्याचा आग्रह धरावा हे न्याय्यच आहे. पण न्यायालयीन लढ्यावर व्यवसायाचे नियोजन करू नये. कोळंबी-कासव खटला आठवावा. सागरी कासवांना वाचवणारी साधने न वापरता पकडलेली कोळंबी अमेरिकेने रोखली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी तक्रार केली. १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलीय मंडळाने अमेरिकेची अंमलबजावणी भेदभावाची ठरवली, पण पर्यावरणासाठी असे निर्बंध घालण्याचा मार्ग गॅट या व्यापार कराराच्या विसाव्या कलमाखाली खुला ठेवला. अमेरिकेने नियम सुधारले आणि २००१ मध्ये ते सुधारित नियम मान्य झाले. सीबॅमचे कर्ते हा निकाल कोळून प्यायलेले आहेत. शिवाय डिसेंबर २०१९ पासून अपिलीय मंडळच ठप्प आहे.

मुक्त व्यापार करारांतूनही सूट मिळालेली नाही. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करार झाला आणि ब्रिटनचा स्वतःचा सीबॅम १ जानेवारी २०२७ पासून येत आहे. युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचे २७ जानेवारी २०२६ रोजी जाहीर झाले, त्यातही सीबॅम कायम आहे. आयातशुल्क शून्य झाले तरी कार्बनचे देणे उरते, हे लक्षात ठेवून भाव द्यावेत.

जालना_स्टील

मला धागाकर्तीच्या मांडणीशी एका जागी असहमती नोंदवायची आहे. आमचा माल बहुतेक देशातच जातो : घरे, पूल, विहिरींचे कठडे. तीव्रतेवर आधारित लक्ष्य हे वाढत्या देशाला साजेसे आहे, कारण त्यात उत्पादन वाढवण्यावर बंधन येत नाही. केवळ युरोपला जाणाऱ्या मालाची वजावट मिळावी म्हणून प्रत्येक टन उत्सर्जनावर कर लावला, तर सळईचा भाव घर बांधणाऱ्या सामान्य माणसाला द्यावा लागेल. युरोपच्या कायद्यासाठी आमच्या ग्राहकाने का भरावे?

खर्चलेखन_पुणे

आपला मुद्दा रास्त आहे आणि सरसकट कर लावावा असे माझे म्हणणे नाही. पण पैसा कुठे जातो, हे पाहायला हवे. सीबॅमची रक्कम युरोपच्या तिजोरीत जाते, ज्याच्या मालावर ती पडली त्याची भट्टी सुधारायला तिच्यातला एक रुपयाही परत येत नाही. हेच ओळखून तुर्कस्तानने जुलै २०२५ मध्ये हवामान कायदा करून स्वतःच्या उत्सर्जन-व्यापार व्यवस्थेचा पाया घातला, आणि चीनने २०२१ पासून चालू असलेला आपला बाजार मार्च २०२५ मध्ये पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियमपर्यंत वाढवला.

आपल्याकडे मधला मार्ग निघू शकतो असे मला वाटते. निर्यात करणाऱ्या मोठ्या कारखान्यांना लक्ष्याच्या खालच्या उत्सर्जनाच्या काही भागाची प्रमाणपत्रे स्वतःहून, कायद्याने मान्य केलेल्या रीतीने, विकत घेऊन जमा करण्याची मुभा द्यावी आणि तो पैसा त्याच क्षेत्राच्या भट्ट्या बदलण्यासाठी राखून ठेवावा. जालन्याच्या सळईवर त्याचा बोजा पडणार नाही. केवळ निर्यातीवर असा भार लावलेला युरोपला चालेल का, हा वादाचा मुद्दा राहील, पण मागणी तरी नीट लिहून करायला हवी. सध्या उद्योग संघटनांची निवेदने 'सूट द्या' एवढ्यावरच थांबतात. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या केली, त्यात टनामागे २.२ टनांच्या खालच्या पोलादाला तारांकन मिळते. निदान एवढे तरी व्हावे, की तो तारा देताना मोजलेला आकडा सीबॅमच्या पद्धतीनेही मोजून त्याच प्रमाणपत्रावर छापला जावा. एकच मोजणी दोन कामांना येईल आणि स्टॉकिस्टकडून माल घेणाऱ्यालाही ती कॉइलबरोबर मिळेल.

बोल्टवाला_भोसरी

हे झाले तर आमच्यासारख्यांवर उपकारच होतील. आणखी एक विचारतो. आमच्या एका ग्राहकाने नव्या खरेदी आदेशात 'सीबॅमची सर्व रक्कम पुरवठादाराकडून वसूल केली जाईल' असे कलम घातले आहे. सही करावी का?

ऱ्हाइनकाठ

आहे तशी सही करू नका. कायद्याने देणे आयातदाराचे आहे, ते कराराने तुमच्यावर ढकलले जात आहे. देणार असाल तर तीन गोष्टी लिहून घ्या : वसुली तुम्ही दिलेल्या पडताळलेल्या आकड्यांवरच होईल, वाढीव मूळ मूल्यांवर नाही, प्रमाणपत्राचा भाव माल पोहोचला त्या तिमाहीचा धरला जाईल, कारण २०२६ च्या आयातीसाठी कायद्यातच तिमाही सरासरी आहे, आणि ग्राहकाने भरलेल्या घोषणेतील तुमच्या मालापुरता उतारा तुम्हाला दिला जाईल. तिसरे कलम अनेक जण विसरतात. ते नसेल, तर सप्टेंबर २०२७ मध्ये डेबिट नोट हातात पडेल आणि ती कोणत्या आकड्यावर काढली, हे विचारायचा हक्कही तुमच्याकडे नसेल.

बोल्टवाला_भोसरी

आभारी आहे. तिन्ही कलमे इंग्रजीत लिहून उद्याच पाठवतो, आणि उत्तर आले की इथे कळवतो.